विषय: लँकेस्टर काउंटीतल्या बंदूककार पूर्वजाच्या रायफली कशा शोधायच्या?

नमस्कार मंडळी,

आमच्या जावयांचे खापरपणजोबा पेन्सिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत 1840 ते 1860च्या सुमारास रायफली बनवत. त्यांच्या हातची एखादी मिळते का, ते पाहतोय. एका लिलावाच्या यादीत त्याच भागातली ठासणीची रायफल आहे, पण लॉकवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेवर, ‘गोल्चर’ असं नाव आहे. आडनाव जुळत नाही म्हणून सोडून द्यायची का? आणि घ्यायची झाली तर परवाना लागतो का?

---

ताई, लॉकवरच्या नावावरून काहीच ठरत नाही. त्या काळात खेड्यातला बंदूककार लॉक बहुधा तयार विकत आणायचा, गोल्चरचं लॉक तर असंख्य रायफलींवर सापडतं. पुढे नळ्याही तयार मिळू लागल्या. मेपलचा दस्ता घडवणं, पितळी काम आणि जुळणी मात्र त्याची स्वतःची. त्याची सही असलीच तर अष्टकोनी नळीच्या वरच्या पट्टीवर, मागच्या साइटच्या आसपास. कित्येकदा पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं असतात.

लिलाववाल्यांकडून त्याच जागेचे फोटो मागवा. टॉर्च बाजूने, नळीला जवळजवळ टेकवून धरायला सांगा, म्हणजे झिजलेली अक्षरं उठतात. पॉलिश मात्र कुणालाही करू देऊ नका, उरलीसुरली सही त्यातच जाते. भिंगातून गंजाचे खड्डे बघा. जुनी कोरणी खड्ड्यापाशी तुटते, कारण गंजाने ती खाल्लेली असते. रेघ खड्ड्यात उतरून तळातून पुढे गेली असेल, तर ती गंजानंतर कोरली आहे. नाव असलेल्या रायफलीला भाव जास्त येतो, म्हणून असे उद्योग होतात.

परवान्याचं म्हणाल तर 1968च्या संघीय कायद्याप्रमाणे 1898 किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ धरतात, त्यासाठी परवानाधारक डीलरमार्फत जावं लागत नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, तेवढे आधी तपासा.

---

काकांनी सांगितलं त्यात कागदपत्रांची भर घालते. 1850च्या जनगणनेत 15 वर्षांवरच्या पुरुषांचा व्यवसाय नोंदलेला आहे, तिथून सुरुवात करा. कारखानदारीची वेगळी यादीही आहे, पण तीत वर्षाला 500 डॉलरचा माल काढणारेच येतात. छोटा कारागीर तिथे दिसला नाही म्हणून तो नव्हताच असं समजू नका. त्याआधीच्या वर्षांसाठी काउंटीच्या करयाद्या पाहा, आणि मृत्यूनंतर झालेली मालमत्तेची मोजदाद तर नक्कीच. नळीत आटे पाडायचं बाक, अर्धवट दस्ते, नळ्या असं काही त्यात असेल तर दुकान त्यांचंच होतं. आडनाव जर्मन असेल तर सगळी स्पेलिंगं शोधा: म्युलर, मिलर, श्मिट, स्मिथ.

---

दोघांचे आभार. सहीच नसेल तर?

---

बऱ्याच रायफलींवर नसते, ताई. म्हणून आधी त्यांची सही असलेली एखादी शोधा, संग्रहालयात किंवा जुन्या लिलावांच्या यादीत. पेन्सिल्व्हेनियातल्याच नाझरेथजवळच्या जेकब्सबर्गचं लाँगरायफल संग्रहालय आणि केंटकी रायफल (याच लांब रायफलींचं दुसरं नाव) असोसिएशनचे संग्राहक, दोन्हीकडे पत्र टाका. त्या सहीवाल्या रायफलीवरून पॅचबॉक्सच्या (दस्त्यातल्या छोट्या कप्प्याच्या) झाकणाची आकृती, चाप झाकणाऱ्या पितळी कमानीचं वळण, दस्ता गालाला टेकतो तिथलं कोरीवकाम ट्रेस करून घ्या. कारागीर तेच साचे वर्षानुवर्षं वापरतो, त्यामुळे बिनसहीची रायफल याच तीन जागांवरून ओळखू येते. नळीच्या लांबीवर भिस्त ठेवू नका, पुष्कळ नळ्या नंतर कापल्या गेल्या.

रायफल हातात आली की पहिलं काम हे: नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून लाकडी गज हळूच तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावा. टोक निपलच्या (ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडाच्या) रेषेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोनतीन इंच अलीकडे थांबलं तर आत बार भरलेला आहे असंच धरायचं. काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. अशी रायफल जाणकार गनस्मिथकडूनच रिकामी करून घ्या, घरी खटपट नको.