जर्मन सिल्व्हरला चांदी म्हणू नका

दागिने विकायला ठेवताना यादीत ठुशी, नथ, झुमके अशी प्रकारानुसार विभागणी करा असं सांगतात ते बरोबरच, पण नुसतं तेवढ्याने भागत नाही, धातू वेगळा लिहायलाच हवा. मी सुरुवातीला जर्मन सिल्व्हरचे झुमके सरळ 'सिल्व्हर ज्वेलरी'त टाकले होते, होलसेलवाला सिल्व्हर म्हणायचा म्हणून मीपण. एका ताईंनी घेतले, दोन दिवसांत कानाची पाळी लाल आणि खाज, परत पाठवले वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. नंतर कळलं की त्यात चांदी नसतेच मुळी, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणींना असते. खरी स्टर्लिंग चांदी म्हणजे ९२.५ टक्के, ९२५ लिहितात ती. आता मी नाव, धातू, पॉलिश कशाचं, मोती खरे की काचेचे, हे सगळं आधीच लिहिते. आणि दागिन्यावर 'हँडमेड' लिहायचं म्हणाल तर आयते मणी फक्त ओवले असतील तर 'हाताने ओवलेली' एवढंच लिहा ना. हो, नथ दाबाची आहे की तारेची हे विसरू नका, नाक न टोचलेल्या मुली पहिला प्रश्न तोच विचारतात.