मदत हवी आहे : लाईट आल्यावरही आयस्कझीची डिस्क रीड-ओन्लीच राहते

राम राम मंडळी,

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. काउंटरच्या मशीनवर उबुंटू (लिनक्स) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, पण डेटाची डिस्क वरच्या खोलीतल्या सर्व्हरवर. तिथे लिनक्सचंच एलआयओ टार्गेट (डिस्क नेटवर्कवर देणारी बाजू), मधे आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत), पोर्ट ३२६०. दोन्ही मशीन इन्व्हर्टरवर आहेत, जिन्यातला स्विच मात्र घरमालकाच्या लाईनवर.

लाईट क्षणभर गेली तर पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) थोडी अडते आणि निघते. जास्त वेळ गेली की डिस्क रीड-ओन्ली (वाचता येते, लिहिता येत नाही), आणि लाईट आली तरी तशीच. सध्या सोयाबीनची आवक आहे. माल घातलेल्या शेतकऱ्याला पट्टीसाठी ताटकळत ठेवणं जिवावर येतं.

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये दोन ओळी दिसतात. एक म्हणते, जेबीडी२ (फाइलसिस्टीमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, लिहिणारा) हा टास्क १२० सेकंदांहून जास्त ब्लॉक. दुसरी म्हणते, सेशन (सर्व्हरशी असलेली जोडणी) रिकव्हरी १२० सेकंदांनी टाइमआउट. यातला कोणता आकडा डिस्क पाडतो? अडकलेली प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत) असते, किल -९ या सक्तीने बंद करायच्या कमांडलाही दाद देत नाही. आणि खरी धास्ती ही, की स्विच बंद पडला त्या क्षणी वाटेत असलेल्या पट्ट्यांचं काय होतं?

प्रतिसाद (संभाजीनगरहून) :

पहिला १२० नुसता इशारा आहे. टास्क फार वेळ अडकला की कर्नल लॉगमध्ये लिहितो, बाकी काही करत नाही. डिस्क पाडतो तो दुसरा, म्हणजे रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेली जोडणी परत यायची किती वाट बघायची ती मुदत).

आयस्कझी खालच्या टीसीपी या नेटवर्क जोडणीच्या भरवशावर बसून राहत नाही. लाईन शांत असली की डीफॉल्ट सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी नॉप-आउट ('आहेस का' विचारणारा निरोप) पाठवतो आणि ५ सेकंद उत्तराची वाट बघतो. उत्तर नाही आलं की सेशन अडवून ठेवतो, हातातल्या स्कझी कमांड (डिस्कला द्यायचे हुकूम) रांगेत ठेवतो आणि पुन्हा जोडायला लागतो. वेळेत जोडणी झाली तर त्याच कमांड परत जातात. त्याच ब्लॉकवर तोच डेटा दोनदा लिहिला तरी बिघडत नाही, म्हणून लहान झटका पचतो. १२० सेकंद उलटले की वरच्या थराला आय/ओ (वाचण्या-लिहिण्याची) एरर मिळते, ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम जर्नल बंद करून रीड-ओन्ली होते. स्विच नंतर आला तरी फाइलसिस्टीम आपणहून परतत नाही. अनमाउंट, एफएसचेक (फाइलसिस्टीमची तपासणी), पुन्हा माउंट, एवढं करावंच लागतं.

'डी' मधली प्रोसेस कर्नलच्या आत आय/ओ पूर्ण व्हायची वाट बघत असते, बरेचदा फाइलसिस्टीमचे लॉक धरून. तिला मधेच मारलं तर ते लॉक सोडणार कोण? म्हणून सिग्नल तिथवर पोचतच नाही.

पट्ट्यांचं म्हणाल तर एफसिंक (डेटा डिस्कवर नक्की लिहून घ्यायची मागणी) यशस्वी होऊन कमिट झालेली, म्हणजे पक्की नोंदलेली, पट्टी टार्गेटकडे पोचलेली असते. धोका एररनंतरचा आहे. लिहिणं फसलं तरी कर्नल रॅममधली ती पानं 'स्वच्छ' (डिस्कवर लिहून झालेली) मानू शकतो, मग दुसरा एफसिंक खोटंच 'झालं' सांगतो. म्हणून २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत पोस्टग्रेस एफसिंक फसला की पॅनिक करून थांबतो आणि वॉलमधून (आधी लिहून ठेवलेल्या बदलांच्या नोंदीतून) सावरतो. ते सेटिंग बदलू नका.

तुमच्याकडे डिस्कपर्यंतची वाट एकच आहे, तेव्हा रिप्लेसमेंट टाइमआउट ८६४०० सेकंद (एक दिवस) करा. ५ सेकंद ठेवा असं बऱ्याच ठिकाणी वाचाल, तो सल्ला मल्टिपाथवाल्यांसाठी (डिस्कपर्यंत एकाहून जास्त वाटा असणाऱ्यांसाठी) आहे. नुसती कॉन्फिग फाइल बदलून भागत नाही, तो आकडा पुढे डिस्कव्हर होणाऱ्या टार्गेटलाच लागतो. जुन्या टार्गेटची नोंद आयस्कझी-अ‍ॅडम या कमांडने अपडेट करा, मग लॉगआउट-लॉगिन. आणि जिन्यातल्या स्विचला राउटरचा छोटा यूपीएस लावा, व्होल्टेज तेवढं जुळवून घ्या.

धागाकर्ता :

लई आभार. मोंढा बंद असेल त्या दिवशी पोस्टग्रेस थांबवून आकडा बदलतो आणि स्विचची वायर काढून बघतो. एक राहिलं : लाईट दोन तास आली नाही आणि काउंटरवाल्याने वैतागून मशीन बटणानेच बंद केलं, तर रांगेतल्या कमांडचं काय?

प्रतिसाद :

रांग रॅममध्ये असते, ती जाते. पण त्या पट्ट्यांचं कमिट झाल्याचं उत्तर आलेलंच नसतं. ज्या पट्टीवर 'सेव्ह झालं' आलं नाही, ती नोंदली गेली आहे का बघून, नसेल तर पुन्हा भरायची, एवढं काउंटरवाल्याला बजावून ठेवा.