जुन्या नळयोजनेचे पंप भंगारात काढायचे का?

पूर्णाकाठ
तेल्हारा तालुक्यातलं, जमिनीखालचं पाणीच खारं अशा खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेचं पाणी आल्यापासून जुन्या विहिरीवरचे साडेसात एचपीचे दोन मोनोब्लॉक पंप अन् लोखंडी जीआय पाइप पडून आहेत. १ मेच्या ग्रामसभेत सगळं निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, लिलाव करायचं ठरलं. विरोधात हात वर करणारे आम्ही चारच. मुख्य लाइन फुटली की आठ-आठ दिवस नळ कोरडा. तेव्हा ढोरं, धुणं, बांधकाम विहिरीच्या याच मचूळ पाण्यावर निघतं. पिण्याजोगं नाही म्हणून ते टाकाऊ कसं?

कपाशीवाला
आमच्या गावात तं ठेवले होते पंप. दोन वर्षांनं पाह्यलं तं तांब्याची वायंडिंग गायब, बॉडी तेवढी शिल्लक. वरून बंद मीटरचा स्थिर आकार भरा लागला तो येगळाच. इकून टाका ना भाऊ, कायले जपता?

निवृत्त ग्रामसेवक
पंप-पाइप जंगम, विहीर आणि तिची जागा स्थावर. स्थावर विकायला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमान्यता लागते. ठरावात विहीर घुसली नाही ना, आधी बघा.
आणि मोघम लिहू नका. मी पाहिलेल्या कितीतरी ठरावांत "पाणीपुरवठ्याचे जुने साहित्य" एवढी एकच ओळ. नग किती, फूट किती, काही नाही. जडवस्तू नोंदवहीशी (ग्रामपंचायतीच्या टिकाऊ सामानाची वही) ताळा कोण घालणार? पाइप तोलून दिला तर भंगाराचा भाव येतो. फुटावर दिला तर शेतकरी ओलितासाठी उचलतो.

कपाशीवाला
शेतकऱ्याले लिलाव समजला पाह्यजे ना! नोटीस लागते कपाटाच्या मांगं. बोली बोलाले चार भंगारवाले येतात, चारही एकाच मेटॅडोरमधून उतरतात.

निवृत्त ग्रामसेवक
म्हणून तर दवंडी द्या. अभियंत्याकडून सरकारी किंमत काढून घ्या, तिच्या खाली बोली सोडूच नका.

माहेर अकोट
विका-ठेवा सगळं पुरुषच ठरवताहेत. लाइन फुटली की पाण्याचा गुंड घेऊन निघते कोण? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते; आमच्याकडे रजिस्टर घरोघरी फिरतं, सही करा म्हणतात. मीही केली आहे, विषय न वाचता. पंप ठेवायचा असेल तर चावी बचत गटाकडे द्या.

पूर्णाकाठ
पाइपाचा हट्ट सोडला, फुटावर जाऊ द्या. एक पंपही जाऊ द्या. दुसरा मात्र विहिरीवरच राहावा, चावी ताई म्हणतात तशी.

कपाशीवाला
अन् पंप जळला तं रिवायंडिंगचे पैसे कोण देईन, बचत गट?

पूर्णाकाठ
पाइपाच्या पैशातून थोडे बाजूला ठेवायचे. ते ठरावातच लिहून घ्यावं लागेल, नाहीतर सभामंडपाच्या फरशीत जातील. सोमवारी बोली आहे. आज जाऊन दोन्ही पंपांच्या प्लेटवरचे नंबर लिहून आणले.