पॅटर्न शॉपसाठी वर्कस्टेशन: जुना झिऑन की नवा रायझन?

शिरोलीकर
कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यांचं काम आहे. पंप बॉडी, व्हॉल्व्ह, कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या कोअरचा साचा), सगळं सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये. डिझाइनसाठी मशीन घ्यायचंय, दोन कोटेशन आलीत. एक रिफर्बिश्ड ब्रँडेड टॉवर: इंटेल झिऑन ई5-2680 व्ही4 प्रोसेसर, 14 कोअर, 64 जीबी ईसीसी रॅम. दुसरं असेंबल्ड: एएमडी रायझन 7 9700एक्स प्रोसेसर, 8 कोअर, 32 जीबी. पहिलं बरंच स्वस्त पडतंय, तरी माझं मत दुसऱ्याला.

कारण सांगतो. सॉलिडवर्क्स मॉडेलचे फीचर, म्हणजे ते घडवण्याचे टप्पे, एकामागून एक मोजतं. टप्प्यांच्या यादीत (ट्रीमध्ये) वर असलेला ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार, 1 अंशाचा दीड केला, की त्याच्यावर बेतलेले फिलेट (कडांची गोलाई), शेल (आतून पोकळ करणं) सगळं पुन्हा बनतं, आणि आधीचं झाल्याशिवाय पुढचं हलत नाही. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून बघा. 14 कोअरच्या, म्हणजे दर कोअरला दोन अशा 28 थ्रेडच्या मशीनवर सीपीयू 4 टक्क्यांच्या आसपास दिसेल. एकच थ्रेड राबतोय, बाकी बसून आहेत. त्या एकाचा वेग झिऑनवर जास्तीत जास्त 3.3 गिगाहर्ट्झ, रायझनवर 5.5.

मेथड्सवाला
दादा, तुम्ही फक्त मॉडेलिंगचं बोलताय. आमच्याकडे गोकुळ शिरगावला कास्टिंग सिम्युलेशन चालतं. मेटल साच्यात कसं भरतं, श्रिंकेज (मेटल आकसून पडणारी पोकळी) कुठं येतं, हे काढायला सगळे कोअर लागतात. संध्याकाळी रन लावून घरी जातो. रात्रभराच्या रनला ईसीसी रॅम हवीच, एका बिटची चूक ती जागेवर दुरुस्त करते. कमी पैशात 64 जीबी मिळतेय, सोडू नका.

शिरोलीकर
आमच्याकडे सिम्युलेशन महिन्यातून एखादं, ड्राफ्ट बदलणं दिवसभर. शिवाय नवे 8 कोअर 2016 च्या त्या 14 कोअरना सगळे मिळूनही मागं टाकतात. आणि त्या झिऑनवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग असलेलं मशीन मी तसं नेटला जोडणार नाही.

उद्यमनगर_दुरुस्ती
अजून एक. त्या ब्रँडेड टॉवरचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असतो. बिघडला तर राजारामपुरीत जाऊन दुसरा बसवला असं होत नाही, मागवावा लागतो आणि तोवर काम ठप्प. असेंबल्डचा सप्लाय त्याच दिवशी बदलून देतो.

मेथड्सवाला
सप्लायचं मान्य. पण मग ग्राफिक्स कार्डात काटकसर करू नका. गेमिंग कार्डावर रिअलव्ह्यू (सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) सुरू होत नाही, आणि सपोर्टला फोन केला की आधी विचारतात, कार्ड सॉलिडवर्क्ससाठी सर्टिफाइड आहे का?

रेंडरवाला
मला हे पटत नाही. रिअलव्ह्यू म्हणजे दिसायला चकचकीत, पॅटर्न शॉपला त्याचं काय करायचंय? त्याच पैशात गेमिंग कार्ड कितीतरी ताकदीचं येतं. ब्लेंडरमध्ये रेंडर काढताना फरक डोळ्यांनी दिसतो.

शिरोलीकर
रेंडर आम्हाला लागत नाही. पण गेमिंग कार्डावर मोठ्या असेंब्लीत मॉडेल फिरवताना कडा गायब होणं, सिलेक्शन भलतीकडे लागणं हे परवडत नाही, कारण त्याच कडेवरून पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) काढायची असते. म्हणून आरटीएक्स ए2000 हे सर्टिफाइड कार्ड बघतोय. फक्त 70 वॉट घेतं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

उद्यमनगर_दुरुस्ती
यूपीएस 'ऑनलाइन' प्रकारचाच घ्या, म्हणजे मशीनला सतत स्वतःच्या इन्व्हर्टरमधून वीज देणारा. शेजारी इंडक्शन फर्नेस असेल तर व्होल्टेज सतत नाचतं, साधा यूपीएस तेवढं सांभाळत नाही. कॅबिनेटला जाळी लावा आणि दर आठवड्याला ब्लोअर मारा. वाळूची धूळ हीटसिंकमध्ये बसली की सीपीयू तापून मंदावतो, मग तुमचे 5.5 गिगाहर्ट्झ कागदावरच राहतात.

मेथड्सवाला
घ्या मग रायझन, पण 32 जीबीवर थांबू नका. 32 च्या दोन काड्या टाका. 16 च्या चार नकोत, या बोर्डावर चार काड्या भरल्या की रॅमचा अधिकृत वेग 5600 वरून 3600 वर येतो.