रोजच्या वापराला टॉर्च कोणती घ्यायची? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-२०१ : नमस्कार सगळ्यांना. काल रात्री लाईट गेली तेव्हा सासूबाईंना घेऊन जिना उतरायचा होता, एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, मग त्यांचा हात धरणार कशाने. घरात रोज वापरायला एक चांगली एलईडी टॉर्च घ्यायचीय. ऑनलाईन बघितलं तर कुठे १०,००० लुमेन, कुठे १,००,००० लुमेन, काही कळत नाही. नक्की काय बघून घ्यायची?

सी-७०४ : ताई डास मारायच्या रॅकेटला असते ना टॉर्च, आम्ही तीच वापरतो, चालून जाते

बी-५०३ : दादा त्या रॅकेटवर नका राहू. त्यात बहुतेक वेळा छोटी लेड ॲसिड बॅटरी असते, ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतून खराब होते, मग रात्रभर चार्जिंगला लावा नाहीतर दोन रात्री लावा, पाच मिनिटांत मंद. स्वस्तातल्या इमर्जन्सी लॅम्पचं पण तेच. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दर दोन महिन्यांनी तरी चार्ज करत जा.

बी-५०३ : ताई तुम्हाला नीट सांगतो, थोडं लांबेल. लुमेन म्हणजे टॉर्चमधून सगळा मिळून किती उजेड बाहेर पडतो तो आकडा. हातात मावणाऱ्या टॉर्चमधून लाखभर लुमेन निघूच शकत नाहीत, एवढी पॉवर त्या बॅटरीत नसते आणि असती तरी टॉर्च हातात धरवली नसती इतकी तापली असती. त्यामुळे असा आकडा दिसला की पुढचं काही वाचायचंच नाही. जिना उतरायला, मेन स्विच बघायला, पलंगाखाली काय गेलंय ते शोधायला १०० ते ३०० लुमेन भरपूर झाले. आणि डोळ्याला उजेड दुप्पट वाटायचा तर लुमेन साधारण चौपट लागतात, म्हणजे ५०० आणि ७०० मधला फरक घरात आपल्याला जाणवत पण नाही.

ए-१०२ : मग खरा आकडा ओळखायचा कसा? बॉक्सवर सगळेच छापतात

बी-५०३ : काका बॉक्सवर एएनएसआय एफएल१ लिहिलंय का बघा. टॉर्च मोजायचं अमेरिकन स्टँडर्ड आहे, २००९ मध्ये आलं, चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे आकडे देतात. त्यात लुमेन चालू केल्या क्षणाला नाही मोजत, ३० सेकंदांनंतर मोजतात. उजेड किती लांब जातो ते मोजतात जिथे तो ०.२५ लक्स उरतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याएवढा. आणि किती तास चालते ते मोजतात उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत.

ए-१०२ : म्हणजे २०० मीटर लिहिलं असेल तर २०० मीटरवर फक्त चांदणं पडणार?

बी-५०३ : बरोबर काका. म्हणून माणूस आहे की कुत्रा एवढं नीट ओळखायचं तर निम्मं अंतर धरून चाला. तासांचं पण तसंच, "२० तास" म्हणजे २० तास तोच उजेड असं नाही. टर्बो म्हणून जो सगळ्यात वरचा मोड असतो तो तर काही मिनिटांतच आपोआप खाली येतो, एलईडी तापते म्हणून. ती बिघडली असं समजून लोक परत करतात, तसं करू नका, उलट न तापता टर्बोवर तासभर राहील असं जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. मधल्या मोडवर किती तास चालते ते विचारा, आपण वापरतो तो मोड तोच.

सेक्रेटरी : छान माहिती. वॉचमनसाठी पण दोन टॉर्च घ्यायच्याच आहेत, पावसाळ्याच्या आधी. त्याचं पण सांगा.

बी-५०३ : सांगतो सर, आधी बॅटरीचं संपवतो कारण खरी गोची तिथेच आहे. मुंबईत लाईट जाते कमी, म्हणून टॉर्च ड्रॉवरमध्ये महिनोन् महिने पडून असते आणि नेमकी लागेल तेव्हा पेटत नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल सगळ्यांना, सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची लाईट गेली, लोकल थांबल्या, लिफ्ट बंद. दिवसा जिन्यात अंधार होता आपल्या. तेव्हा किती घरांत टॉर्च पेटली असेल विचार करा. टॉर्च निवडायची ती कपाटात पडून राहिल्यावर सुद्धा चालेल अशी, माझं तर सगळं म्हणणं एवढंच आहे.

ए-१०२ : माझ्याकडच्या टॉर्चमध्ये सेलने पाणी सोडलंय, पांढरं पांढरं जमलंय. टाकून द्यायची का?

बी-५०३ : लगेच नका टाकू काका. अल्कलाइन सेल असतील तर ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हाताला लावू नका, ग्लोव्हज घालून सेल काढा, कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून स्प्रिंग पुसा, मग कोरडं करा. स्प्रिंग खाल्ली गेली नसेल तर चालते. आणि इथून पुढे टॉर्च ठेवून देताना सेल बाहेर काढून शेजारीच ठेवायचे. डबल ए सेलवाल्या टॉर्चमध्ये मी पॅनासॉनिकचे एनलूप घालतो, निकेल मेटल हायड्राइडचे आहेत, वर्षभर पडून राहिले तरी बराच चार्ज टिकतो आणि असे सहसा पाझरत नाहीत.

सी-६०१ : १८६५० वाली चांगली ना दादा? ट्रेकला सगळे तीच आणतात

बी-५०३ : हो, मी पण तीच सुचवीन. १८ मिलिमीटर जाड ६५ मिलिमीटर लांब म्हणून १८६५०, तसाच २१७०० म्हणजे २१ जाड ७० लांब. लिथियम आयनचा सेल आहे, ३.७ व्होल्ट. फक्त एक बघा, सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिलं असेल तर तो सेल खोटा आहे, चांगल्यातला चांगला १८६५० साधारण ३५०० च्या आसपास असतो. आणि सेल काढता येईल अशी टॉर्च घ्या, आत कायमची बसवलेली असली की तीन-चार वर्षांनी बॅटरी गेली की टॉर्च पण गेली. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीच ठेवायचा नाही, वरचं प्लास्टिक फाटलं असेल तर वापरायचा नाही, शॉर्ट झाला तर आग लागते. महिनोन् महिने ठेवायचा तर अर्धा चार्ज करून ठेवला तर जास्त टिकतो, पण घरातली टॉर्च अडीनडीला लागते म्हणून मी भरूनच ठेवतो आणि सेल चार वर्षांऐवजी तीन वर्षं टिकला तरी मला चालतं.

बी-५०३ : अजून एक, टाईप सी चार्जिंग लिहिलेलं असतं पण स्वस्त टॉर्च दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही, कारण आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. एका बाजूला जुना यूएसबी असलेली केबल लावा, चालते. दुकानातच आपली केबल लावून बघा.

ए-२०१ : आणि सासूबाईंना रात्री बाथरूमला जायला? त्यांच्या डोळ्यावर येतो उजेड

बी-५०३ : ताई त्यासाठी ज्यात एकदम मंद मोड आहे ती बघा, एक-दोन लुमेनचा, काही कंपन्या मूनलाईट म्हणतात. बटण दाबल्यावर थेट मंदच पेटली पाहिजे, आधी भगभगीत मग मंद असं नको, आणि ती लुकलुकणारी स्ट्रोब तर मध्ये येताच कामा नये. रंग पिवळसर घ्या, ३००० ते ४००० केल्विन. ६५०० वाला निळसर पांढरा असतो, त्यात मीटर रूममधल्या वायरींचे रंग पण फिके दिसतात, त्याच्यासाठी सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा बघितला तर उत्तमच.

सी-६०१ : काकू तुम्ही खरं तर डोक्याला लावायची घ्या ना, हेडलॅम्प, तुमचा प्रॉब्लेम हातांचा आहे. मी राजमाचीला रात्रीच्या ट्रेकला तीच वापरतो. फक्त धुक्यात ती डोळ्याजवळ असल्यामुळे समोर नुसता पांढरा पडदा होतो, तेव्हा काढून कंबरेजवळ हातात धरायची

बी-५०३ : अरे वा, हे मला सुचलं नव्हतं, एकदम बरोबर. ताई हेडलॅम्पच घ्या, दोन्ही हात मोकळे.

सेक्रेटरी : आता वॉचमनचं 🙏

बी-५०३ : सर त्यांचं काम वेगळं. आपली मागची भिंत नॅशनल पार्कच्या बाजूला आहे, तिकडे लांब टाकणारी हवी. लांबचा उजेड लुमेनवर नाही कॅन्डेलावर ठरतो, कॅन्डेला म्हणजे एका दिशेला झोत किती जोरदार आहे तो आकडा. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं, १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. मोठा खोलगट रिफ्लेक्टर असलेली घ्या. बिबट्या असो की कुत्रा मांजर, लांबूनच डोळे चमकलेले दिसले तर वॉचमनने पुढे जायचं नाही, आत येऊन तुम्हाला कळवायचं, आपण वनखात्याला फोन करू. पण पायाखाली बघायला त्यांना पसरट उजेडाची दुसरी लागेलच, पावसात सापविंचू निघतात कंपाउंडमध्ये. पुढेमागे ओढून झूम करायची घेऊ नका, त्या सरकत्या जागेतून पाणी शिरतं. टॉर्च पाण्याला किती टिकते ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं, आयपीएक्स ७ बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स ४ फक्त शिंतोड्यांपुरतं, आपल्या पावसाला पुरणार नाही.

डी-३०२ : लहान मुलं डोळ्यावर मारतात त्याचं काय?

बी-५०३ : लांब टाकणारी टॉर्च मुलांच्या हातात द्यायचीच नाही ताई, तो झोत जवळून डोळ्यात जाणं चांगलं नाही. त्यांना छोटी पसरट उजेडाची द्या.

सेक्रेटरी : ठीक. वॉचमनसाठी एक लांबची एक पसरट, दोन्ही १८६५० आणि दोन सेल जास्तीचे, म्हणजे एक चार्जिंगला एक टॉर्चमध्ये. शनिवारी लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात बघून येतो, बी-५०३ तुम्ही येणार का बरोबर?

बी-५०३ : नक्की येतो सर. वॉचमनच्या केबिनमध्ये चार्जर लावाल तो गादीजवळ नको, टेबलावर, आणि झोपायच्या वेळी चार्जिंगला लावलेला नको.

ए-१०२ : हे जुने सेल सुक्या कचऱ्यात टाकू ना?

बी-५०३ : नाही काका, कोणत्याच कचऱ्यात नको. लिथियमवाले असतील तर दोन्ही टोकांना टेप लावा, सगळे एका डब्यात वेगळे ठेवा, सोसायटीची ई-कचऱ्याची गाडी येते तेव्हा द्या. तोपर्यंत हवं तर माझ्याकडे आणून द्या, मी बाल्कनीत डबा ठेवलाय.