हॉलमधल्या कलांचोला हिवाळ्यात कळी का धरत नाही?

प्रश्न (पुणे):
गेल्या जानेवारीत केशरी फुलांनी गच्च भरलेला कलांचो आणला होता. फुले ओसरल्यावर देठ छाटले आणि तेव्हापासून कुंडी हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी आहे. पाने जाड आणि टवटवीत आहेत. मात्र डिसेंबर अर्धा सरला तरी एकही कळी नाही. दर पंधरा दिवसांनी शेणखताचे पाणी देते. खत कमी पडते आहे, की हे झाड एकदाच फुलते?

उत्तर (नाशिक):
एकदाच फुलते असे मुळीच नाही, आणि पाने टवटवीत असताना खताची उणीवही संभवत नाही. हॉलमधली ट्यूब रात्री किती वाजता मालवता, हे आधी पाहावे. कलांचो हे आपल्या पानफुटीचे भावंड, मूळचे मादागास्करचे. रात्र मोठी झाली की ते कळी धरते. सुमारे सहा आठवडे रोज १४ तास सलग अंधार मिळाला तर फुलोरा खात्रीने येतो, पण मध्येच दिवा लागला की झाडाच्या लेखी रात्र तुटते आणि ते पुन्हा पानेच वाढवत राहते. शेवंती लवकर फुलू नये म्हणून शेतकरी रात्री दिवे लावतात, तेच तुमच्या हॉलमध्ये नकळत घडते आहे. संध्याकाळी ६ ला कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालावा आणि सकाळी ८ ला काढून तिला उन्हात ठेवावे. सध्या आपल्याकडे रात्र १३ तासांची आहे, त्यामुळे दिवा न लागणारी गॅलरी असेल तर खोक्याचीही गरज नाही. खत तूर्त बंद ठेवावे.

उत्तर (नागपूर):
खोक्याचा उपाय सरसकट सगळ्या झाडांना करू नये, एवढे सुचवतो. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला अंधार नव्हे, गारवा लागतो. काही आठवडे रात्री १६ ते १८ अंशांपर्यंत उतरल्या की दांडा फुटतो. पानाच्या बगलेतून निघालेले टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ समजावे. चपटे, किंचित चोचीसारखे असेल तर तो फुलांचा दांडा.

प्रश्नकर्ती:
मुलाच्या अभ्यासामुळे ट्यूब रात्री साडेअकरापर्यंत सुरू असते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. गॅलरीतही सोसायटीच्या दिव्याचा उजेड येतो, म्हणून आजपासून खोकाच घालते. कळी धरल्याचे कसे ओळखावे?

उत्तर (नाशिक):
जानेवारीअखेर शेंड्याची वरची दोन पाने हलकेच बाजूला करून पाहावे. मोहरीच्या दाण्यांएवढे हिरवे ठिपके दाटीने दिसले की खोका काढून टाकावा.