लोणारचा दगड आणि चंद्राचं पाणी
भाऊ, 'आपल्या पैशानं मिळवलेली माहिती परक्यांना फुकट कशाला द्यायची' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. चंद्रावरच्या पाण्याचंच घ्या. २००८ सालचं चंद्रयान-१ आपलं, पण पाण्याच्या खुणा टिपणारं एम-थ्री उपकरण नासाचं.

माझं गाव लोणारजवळ. सरोवराच्या काठावर उभं राहिलं की पायाखाली तोच काळा दगड, जो आमच्या धुऱ्यावर रचलेला आहे. हा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. त्यात उल्का आदळून झालेली लोणारसारखी विवरं पृथ्वीवर फार थोडी, आणि चंद्राची काळी मैदानं बेसाल्टचीच. म्हणून १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून इथले आघाताचे पुरावे प्रसिद्ध केले. आपला दगड जगाच्या कामी आला, यात आपलं काय गेलं?

स्पर्धा हवीच. १९ ऑगस्ट २०२३ ला रशियाचं लूना-२५ यान चंद्रावर कोसळलं अन् चार दिवसांनी आपल्या चंद्रयान-३ चं विक्रम अलगद उतरलं, तेव्हा पारावर एका मोबाइलभोवती आम्ही सगळे श्वास रोखून होतो. पण त्याच विक्रमवर नासाचा छोटासा लेसर परावर्तक बसवलेला आहे. डिसेंबरमध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं त्यावर लेसर सोडला आणि तो उलटून परत मिळाला.